चवदार तळ्यापर्यंत दुसऱ्यांदा गेलेले हजारो लोक पाणी न पिता परत का आले?

महाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतात, ओंजळीत पाणी घेतात आणि पितात. तारीख २० मार्च १९२७. शाळेच्या पुस्तकात, पुतळ्यांवर, व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डमध्ये हेच चित्र असतं.

पण महाडला परिषद एकदा नाही, दोनदा झाली. दुसरी त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये. या वेळी ३,८८४ लोकांनी सत्याग्रहासाठी नावं नोंदवली होती. म्हणजे तळ्यावर जायचं, पाणी प्यायचं आणि पोलिसांनी धरलं तर तुरुंगात जायचं, असं सांगून त्यांनी नाव लिहून दिलं होतं.

हे लोक तळ्यापर्यंत गेलेही. तळ्याला वळसा घातला आणि परत फिरले. पाण्याला कुणी हात लावला नाही.

असं का झालं? घाबरले म्हणून? सरकारने दडपलं म्हणून? की त्यामागे काही हिशोब होता? सविस्तर बघूया.

आधी थोडक्यात घटनाक्रम

- ४ ऑगस्ट १९२३: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर.
- जानेवारी १९२४: महाड नगरपालिकेचा चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव.
- १९ आणि २० मार्च १९२७: महाडची पहिली परिषद. दुसऱ्या दिवशी तळ्याचं पाणी प्यायलं आणि त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला.
- ४ ऑगस्ट १९२७: नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.
- १४ डिसेंबर १९२७: तळ्यावर जाण्यास दिवाणी कोर्टाची मनाई.
- २५ ते २७ डिसेंबर १९२७: दुसरी परिषद. मनुस्मृतीचं दहन. सत्याग्रह तहकूब.
- १७ मार्च १९३७: मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने.

हे सगळं महाडलाच का घडलं?

महाड तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातलं सावित्री नदीकाठचं व्यापारी गाव. या भागातले अनेक महार इंग्रजांच्या फौजेत होते. फौजेत गेलेल्या माणसाला लिहायला-वाचायला यायचं, पेन्शन मिळायची आणि गावाबाहेरचं जग दिसायचं. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर असेच पेन्शनर. अस्पृश्यतेवर जाहीर सवाल करणारं 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक त्यांनी १८८८ मध्येच लिहिलं होतं.

म्हणजे आंबेडकर महाडला आले तेव्हा जमीन नांगरलेली होती. त्यांना तिथे आणण्यासाठी सगळ्यात जास्त धडपड केली ती रामचंद्र बाबाजी मोरे या दासगावच्या तरुणाने. तेव्हा त्याचं वय पंचविशीच्या आतलं होतं. स्वतःच्या शाळाप्रवेशासाठीही त्याला झगडावं लागलं होतं. हेच मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले आणि 'जीवनमार्ग' साप्ताहिक त्यांनी सुरू केलं.

महाडचं आणखी एक वेगळेपण होतं. इथल्या सवर्णांमध्येही काही माणसं चळवळीच्या बाजूने उभी होती. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे ही त्यातली दोन महत्त्वाची नावं. दोघंही कायस्थ प्रभू.

हक्क तर आधीच मिळाला होता. मग अडचण काय होती?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. चवदार तळ्यावर पाणी पिणं १९२७ मध्ये बेकायदा नव्हतं. उलट ते सरकारच्या आणि नगरपालिकेच्या ठरावानुसारच होतं.

समाजसुधारक सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात ठराव मांडला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. तो मंजूर झाला. सरकारने त्याच्या अंमलबजावणीच्या सूचनाही काढल्या. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार तळं खुलं केलं.

फक्त कागदावर. तळ्याभोवती सवर्णांची वस्ती. तिथे मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत, गुरंढोरं पाणी पीत. महार, चांभार, मांग मात्र तीन वर्षांत एकदाही गेले नाहीत. कारण तिथे गेल्यावर काय होईल हे सगळ्यांना माहीत होतं. घरी परत जाऊन त्याच गावात राहायचं होतं. त्याच सावकाराकडून कर्ज घ्यायचं होतं आणि त्याच मालकाच्या शेतावर राबायचं होतं.

हक्क कागदावर असणं आणि तो वापरता येणं, या दोन गोष्टींमध्ये किती अंतर असतं हे समजून घ्यायचं असेल तर महाडसारखं दुसरं उदाहरण सापडणार नाही.

२० मार्चला नेमकं काय झालं?

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ मार्चला सुरू झाली. आंबेडकर तेव्हा ३५ वर्षांचे होते. बॅरिस्टर होते आणि महिनाभरापूर्वीच मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य झाले होते. परिषदेला आलेल्यांसाठी पिण्याचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. त्यासाठी ४० रुपये मोजले गेले. तळं समोर आणि पाणी विकत.

दुसऱ्या दिवशी परिषद संपत आली तेव्हा चित्रे यांनी सगळ्यांनी तळ्यावर जाण्याची कल्पना मांडली. चार-चारच्या रांगा करून मिरवणूक निघाली. बाजारपेठेतून शांतपणे तळ्यावर पोचली. आंबेडकरांनी पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी. लोक मंडपात परतले.

त्यानंतर गावात अफवा पसरली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. तसा कुणाचाच विचार नव्हता. पण जमाव काठ्या घेऊन बाहेर पडला. मंडपात जेवणं चालू होती. तिथे घुसून मारहाण झाली, अन्न मातीत मिसळलं. गावाकडे दोघं-चौघं परत निघालेले लोकही वाटेत गाठून मारले गेले. बायकाही त्यातून सुटल्या नाहीत. काहींना मुसलमान घरांनी आसरा दिला म्हणून ते वाचले.

पहिला कठीण निर्णय: उलटा हात उचलायचा नाही

या गोष्टीतला हा भाग फारसा सांगितला जात नाही.

परिषदेला आलेल्यांमध्ये फौजेतून निवृत्त झालेले लोक होते. लढाया पाहिलेले. संख्याही कमी नव्हती. आपली माणसं रक्तबंबाळ होऊन येताना ते बघत होते आणि बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट बघत होते. तो शब्द मिळाला असता तर महाडमध्ये त्या रात्री काय झालं असतं याची कल्पना करता येते.

आंबेडकर तेव्हा डाक बंगल्यावर होते. पोलीस अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितलं की तुम्ही त्या जमावाला आवरा, माझ्या माणसांना मी आवरतो. आणि त्यांनी ते केलंही. कुणी पलटून हल्ला केला नाही.

याला काही जण आजही दुबळेपणा म्हणतात. पण दोन शक्यता शेजारी ठेवून बघा. मारामारी झाली असती तर दुसऱ्या दिवशीची बातमी 'महाडमध्ये दंगल' अशी आली असती. दोन्ही बाजू सारख्याच दोषी ठरल्या असत्या आणि पाण्याचा मुद्दा बाजूला पडला असता. प्रत्यक्षात हल्लेखोर कोण आणि मार कुणी खाल्ला, याबद्दल कुणाला शंका उरली नाही. खटला चालला आणि हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. सवर्णांनी अस्पृश्यांना मारल्याबद्दल सवर्णांना शिक्षा होणं, ही त्या काळी छोटी गोष्ट नव्हती.

मधल्या नऊ महिन्यांत काय घडलं?

सनातन्यांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. शेण, गोमूत्र, दूध, दही यांचं मिश्रण १०८ घागरींमधून तळ्यात ओतण्यात आलं. मंत्र म्हटले गेले. मग ते पाणी पुन्हा पिण्यालायक झालं, असं जाहीर झालं.

एवढ्यावर थांबलं नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा ठराव मागे घेतला. तारीख पुन्हा बघा. बोले यांचा ठराव ज्या दिवशी मंजूर झाला होता, त्याला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी.

दुसरीकडे आंबेडकरांनी ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केलं. महाडचा अर्थ काय, सत्याग्रह म्हणजे काय, तो न्याय्य केव्हा ठरतो, यावर ते त्यात सविस्तर लिहीत होते. अंकाच्या दर्शनी पानावर ज्ञानेश्वरांच्या ओव्या असत. आधीच्या 'मूकनायक'वर तुकारामांचा अभंग असे. ज्या भाषेने आणि ज्या परंपरेने आपल्याला बाहेर ठेवलं, तिच्यातलं जे माणुसकीचं आहे त्यावर आपलाही हक्क आहे, हे सांगायची ती एक पद्धत होती.

याच काळात आणखी एक पेच आला. ब्राह्मणेतर चळवळीचे नेते केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा द्यायची तयारी दाखवली. अट एकच: या लढ्यात एकाही ब्राह्मणाला घेऊ नका. पाठिंबा मोलाचा होता. माणसं, पैसा आणि वजन तिन्ही मिळालं असतं. आंबेडकरांनी अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसांना नाही, उच्चनीचतेच्या विचाराला आहे, अशी त्यांची भूमिका होती. जन्मावरून माणूस दूर ठेवायचा नाही म्हणून लढायचं आणि जन्मावरूनच सोबती निवडायचे, हे त्यांना मान्य नव्हतं.

मग सनातन्यांनी टाकलेला डाव

२५ डिसेंबरला दुसरी परिषद आणि मग प्रत्यक्ष सत्याग्रह, असं जाहीर झालं. गावोगाव तयारी सुरू झाली. महाडमधले व्यापारी सामान विकणार नाहीत हे दिसल्यावर धान्य बाहेरून आणून साठवलं. मंडपासाठी कुणी जागा देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली.

तेव्हा महाडच्या काही सनातन्यांनी वेगळी वाट काढली. लाठ्या बाजूला ठेवून ते दिवाणी कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं की हे 'चौधरी तळं' सार्वजनिक नाहीच, ते स्पृश्यांच्या मालकीचं आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची प्रथा पूर्वापार आहे. कोर्टाने दावा निकाली निघेपर्यंत आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तळ्यावर जायला तात्पुरती मनाई केली. तारीख १४ डिसेंबर. परिषदेला अकरा दिवस उरले होते.

डाव हुशारीचा होता. आतापर्यंत भांडण 'सनातनी विरुद्ध अस्पृश्य' असं होतं आणि सरकारी ठराव अस्पृश्यांच्या बाजूने होता. मनाई हुकूम आल्यावर ते 'सरकार विरुद्ध अस्पृश्य' असं झालं. आता तळ्यावर पाऊल टाकलं की अडवायला पोलीस येणार आणि सनातनी बाजूला उभे राहून बघणार.

२५ डिसेंबर: परिषद सुरू

आंबेडकर मुंबईहून सुमारे दोनशे प्रतिनिधींसह बोटीने दासगाव बंदरात उतरले. तिथून पाच मैल चालत सगळे महाडला आले. मंडपात फोटो एकच होता, महात्मा गांधींचा. पुढे दोघांमध्ये जे तीव्र मतभेद झाले ते माहीत असणाऱ्यांना हे वाचून आश्चर्य वाटेल.

अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली. चवदार तळ्याचं पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आजवर न पिताही जगलोच आहोत, आपण इथे आलो ते आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायला, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता.

त्याच रात्री मनुस्मृती जाळली. जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी. ते जन्माने ब्राह्मण होते. जेधे-जवळकरांची अट मान्य केली असती तर हा ठराव मांडायला ते मंडपात नसते. ठरावाला अनुमोदन दिलं पां. ना. राजभोज यांनी.

२६ आणि २७ डिसेंबर: जायचं की थांबायचं?

आता खरा प्रश्न समोर होता. मनाई हुकूम मोडायचा का?

२६ तारखेला चर्चा झाली. अनेक वक्ते बोलले. बहुसंख्य लोक 'जायचंच' या मताचे होते. नावं नोंदवायला सुरुवात झाली आणि आकडा ३,८८४ वर गेला. जिल्ह्याचे कलेक्टर येऊन परिषदेसमोर बोलले. सरकारचा तुम्हाला विरोध नाही, पण कोर्टाचा हुकूम आहे, निकालाची वाट बघा, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं ऐकून घेतल्यावरही मंडपातला कल बदलला नाही.

दोन्ही बाजूंचा विचार करून बघितला तर हा निर्णय किती अवघड होता ते कळतं.

जाण्याच्या बाजूने काय होतं?

- लोक तयार होते. अशी तयारी पुन्हा होईलच याची खात्री नव्हती.
- मार्चमध्ये मार खाल्ला होता. आता थांबलो तर 'घाबरले' असं म्हटलं जाणार.
- हुकूम देणारं कोर्ट बरोबरच असतं असं नाही. अन्यायाला मदत करणारा हुकूम का पाळायचा?

थांबण्याच्या बाजूने काय होतं?

- तळं सार्वजनिक आहे हे कागदपत्रांवरून सिद्ध होण्यासारखं होतं. म्हणजे खटला जिंकता येणार होता.
- हुकूम मोडला तर लढाईची दिशाच बदलणार होती. ज्यांच्याशी भांडण होतं ते सुटणार आणि ज्यांच्या ठरावाचा आधार होता ते विरोधात जाणार.
- आलेले बहुतेक लोक गरीब होते. कुणाची पेन्शन, कुणाची छोटी नोकरी, कुणाची रोजची मजुरी. घरातला कमावता माणूस तुरुंगात गेला तर मागे घर कोण चालवणार? आणि ही घरं गावागावांत विखुरलेली होती, चहूबाजूंनी सवर्णांनी वेढलेली.

२७ तारखेला आंबेडकर बोलायला उभे राहिले. लोकांच्या धैर्याचं त्यांनी कौतुक केलं आणि सत्याग्रह तहकूब करावा असं सुचवलं. सनातनी आणि सरकार या दोघांशी एकाच वेळी लढणं आज आपल्याला परवडणारं नाही, हा त्यांचा मुद्दा होता. सभेने तो मान्य केला. ज्यांनी आदल्या दिवशी तुरुंगात जायला नाव दिलं होतं, त्यांनीच.

त्यानंतर मिरवणूक निघाली. गावातून तळ्यापर्यंत गेली, तळ्याला वळसा घालून परत आली. पाण्याला हात न लावता.

तुरुंगात जायचं ठरवायला धाडस लागतंच. पण तयार झालेल्या हजारोंना थांबवायला आणि थांबणाऱ्यांना ते पटायला वेगळं धाडस लागतं. त्याचे पुतळे होत नाहीत.

या निर्णयाबद्दल दोन मतं आहेत. एक संधी हातची गेली, असं काहींना वाटतं. या थांबण्यामुळेच चळवळ चिरडली न जाता वाढली, असं इतर मानतात. एवढं मात्र खरं की महाडनंतर लढा थांबला नाही. १९२९ मध्ये पुण्याच्या पर्वतीवर आणि १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह झाले. नाशिकचा तर कित्येक वर्षं चालला.

त्या संध्याकाळची एक छोटी गोष्ट

२७ तारखेला आंबेडकर परिषदेला आलेल्या बायकांशी वेगळं बोलले. तुमच्या नेसण्यावरून, दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ती ओळख टाकून द्या. इतर बायकांसारखं लुगडं नेसा. मुलींना शिकवा. दुसऱ्या दिवशी अनेक बायकांनी लुगडं नेसण्याची पद्धत बदललेली होती.

तळ्यावरची मनाई कोर्टाने दिली होती. घोट्यापर्यंत लुगडं नेसायला मात्र कोर्टाची परवानगी लागत नव्हती, तरी तेही पिढ्यान् पिढ्या बंद होतं. सत्याग्रह तहकूब झाला त्याच दिवशी ही एक बंदी मोडली गेली.

खटल्याचं काय झालं?

तो नऊ वर्षांहून जास्त चालला. महाडच्या कोर्टाने १९३१ मध्ये निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला. वादी अपिलात गेले, १९३३ मध्ये तिथेही हरले. मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने त्यांचं अपील फेटाळलं. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे, हे त्यांना सिद्ध करता आलं नाही.

खंडपीठात दोन न्यायमूर्ती होते, ब्रूमफिल्ड आणि वाडिया. ब्रूमफिल्ड हे नाव ओळखीचं वाटतंय? मार्च १९२२ मध्ये अहमदाबादला महात्मा गांधींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश तेच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. हा निकाल पुराव्याच्या मुद्द्यावर लागला. प्रथा जुनी आहे हे सिद्ध झालं नाही, म्हणून वादी हरले. प्रथा अन्यायाची आहे म्हणून ती चालणार नाही, हे सांगायला आणखी तेरा वर्षं जावी लागली.

२६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या राज्यघटनेचं कलम १५ (२) काढून बघा. सरकारी पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरापासून कुणालाही जातीवरून रोखता येणार नाही, असं ते सांगतं. ते वाचताना १९२३ चा बोले ठराव आठवतो. फरक एवढाच की त्यानुसार केलेला आपला ठराव नगरपालिका मागे घेऊ शकत होती. हे कलम कुठलीच नगरपालिका मागे घेऊ शकत नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते, हे सांगायची गरज नाही.

नेहमी होणारे तीन गोंधळ

*मनुस्मृती २० मार्चला जाळली का?* नाही. पाणी प्यायले ते २० मार्चला. मनुस्मृतीदहन २५ डिसेंबरला. दोन्ही १९२७ मध्ये आणि दोन्ही महाडलाच झालं म्हणून गल्लत होते.

*तळ्यावर जाणं बेकायदा होतं का?* मार्चमध्ये नाही. सरकार आणि नगरपालिका दोघांचे ठराव बाजूने होते. डिसेंबरमध्ये मात्र कोर्टाची तात्पुरती मनाई होती.

*हा लढा फक्त एका जातीचा होता का?* सर्वाधिक महार होते आणि सर्वाधिक मारही त्यांनीच खाल्ला. पण टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे, फत्तेखान ही नावं वगळून महाड सांगता येत नाही. त्यातल्या प्रत्येकाला आपल्याच माणसांचा रोष पत्करावा लागणार होता आणि घरी गप्प बसण्याचा सोपा पर्याय प्रत्येकाकडे होता.

आज हे का वाचायचं?

चवदार तळं आजही महाडच्या मध्यावर आहे. दर २० मार्चला तिथे हजारो लोक येतात, ओंजळभर पाणी घेतात. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली त्या जागी आता क्रांतिस्तंभ उभा आहे.

अन्यायाविरुद्ध उभं राहणं म्हणजे एकच धाडसी क्षण, असं आपल्याला वाटतं, कारण फोटोत एकच क्षण मावतो. महाडच्या नऊ महिन्यांत असे किती तरी निर्णय घ्यावे लागले. जायचं. मारायचं नाही. चुकीच्या अटीवर मदत घ्यायची नाही. पुस्तक जाळायचं. थांबायचं. आणि मग नऊ वर्षं कोर्टाच्या तारखांना हजर राहायचं.

पुढच्या वेळी २० मार्चचा तो फोटो समोर आला की त्याच्या शेजारी २७ डिसेंबरची मिरवणूकही ठेवून बघा. तहान होती, तळं समोर होतं, हक्क आपलाच होता. तरी त्या दिवशी ते परत फिरले, आणि दहा वर्षांनी तळं जिंकलं.